गाईचा व्हायरस हाती लागेल ते भरत नाही, मार्का बघून भरतो

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत जनावरांच्या व्हायरसवर पानभर लेख आला होता, आधी त्याबद्दल आभार, कारण दुधाचा दर आणि लंपी सोडून गाईबद्दल कोणी पानभर लिहितच नाही. पण वाचताना दोन ठिकाणी अडकले. एक म्हणजे वरचा ठसठशीत मथळा, ‘गाईंचा एड्स’. आणि दुसरं तिसऱ्या कॉलममधलं वाक्य, की हा व्हायरस पेशीत हाती लागेल तो आरएनए (जीनमधल्या माहितीची पेशीतली नक्कल) भरून घेतो आणि बाहेर पडतो. मथळ्याचं एक वेळ समजू शकते, मथळे कसे लावतात ते सगळ्यांना माहितीये. ते दुसरं वाक्य मात्र डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण मधला मार्क्याचा भाग कापू नका.

मी फलटण तालुक्यात ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते आणि घरी सात एचएफ क्रॉस गाई आहेत, म्हणजे पहाटे पाचला धारा आणि अकरा वाजता मायटोकॉन्ड्रिया असं आमचं चालतं.

आधी मथळ्याचं उरकून टाकते. लेखात ज्याबद्दल लिहिलंय तो बोव्हाइन ल्युकेमिया व्हायरस, बीएलव्ही. हा १९६९ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जॅनिस मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. एचआयव्ही पण रेट्रोव्हायरस (म्हणजे आपल्या आरएनएवरून डीएनए बनवणारा) आणि हा पण रेट्रोव्हायरस, इथपर्यंत ठीक, पण बीएलव्हीचा जवळचा भाऊ म्हणजे माणसातला एचटीएलव्ही-१ नावाचा व्हायरस, एचआयव्ही नाही. एचआयव्हीचा गाईतला भाऊबंद वेगळाच आहे, बोव्हाइन इम्युनोडेफिशियन्सी व्हायरस, आणि तो पण योगायोगाने १९६९ सालीच लुइझियानातल्या आर-२९ नंबरच्या एका गाईत मिळाला. म्हणजे तुम्ही फोटो एका भावाचा छापला आणि नाव चुलतभावाचं. शिवाय बीएलव्ही झालेल्या बहुतेक गाई दिसायला ठणठणीत असतात, साधारण तिसऱ्या हिश्श्यात रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, वाढतात आणि गाठी येऊन गाय जाते असं शंभरात पाचांपेक्षा कमी गाईंचं होतं. माणसाला यातून रोग होतो असं सिद्ध झालेलं नाही आणि पाश्चराइज केल्यावर हा व्हायरस टिकत नाही, आपण तर दूध उकळूनच पितो. हे लेखात शेवटच्या ओळीत होतं, ते वर हवं होतं, कारण आमच्या सासूबाईंनी त्या दिवशी दुपारचा चहा कोरा घेतला.

आता खरा मुद्दा.

गेल्या वर्षी बारावीच्या वर्गात एका पोरीने विचारलं होतं, मॅडम, पेशीत हजारो आरएनए फिरत असतात, मग व्हायरसला त्यातला आपला कुठला ते कळतं कसं, त्याला काय डोळे असतात का. वर्ग हसला. मी पण हसले आणि सिलॅबसमध्ये नाही म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र लाज वाटली, कारण प्रश्न एकदम बरोबर होता आणि उत्तर मला येत नव्हतं. मग मोबाइलवर मिळतील तसे रिसर्च पेपर वाचत गेले, अर्धे डोक्यावरून गेले, पण जे कळलं ते इतकं भारी आहे की तुमच्या लेखात त्याचं ‘हाती लागेल ते’ असं झालेलं बघून राहवलं नाही.

बघा, रेट्रोव्हायरस पेशीत शिरला की आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो गाईच्याच डीएनएत नेऊन शिवून टाकतो. तिथून पुढे गाईची पेशी बिचारी आपलाच समजून त्यावरून आरएनए काढत बसते. बीएलव्हीचा हा अख्खा आरएनए म्हणजे साधारण ८,७०० अक्षरांची एक दोरी. आणि गंमत अशी की हीच दोरी दोन कामांची आहे, तिच्यावर वाचून पेशी व्हायरसचं गॅग नावाचं प्रोटीन बनवते, ज्याचा पुढे डबा होतो, आणि तीच दोरी त्या डब्यात भरून पुढच्या पेशीकडे जायची असते. म्हणजे रेसिपी पण तीच आणि पार्सल पण तेच. त्यात परत काही दोऱ्या पेशी मधूनच कापून जोडते, त्यातून वरच्या आवरणाचं प्रोटीन आणि बाकीची लहान प्रोटीन होतात, पण ह्या कापलेल्या दोऱ्या डब्यात गेल्या तर व्हायरस अर्धवट होणार, उपयोग शून्य. आणि ह्या सगळ्याच्या भोवती गाईच्या स्वतःच्या आरएनएची जत्रा भरलेली. त्या गर्दीत व्हायरसची अख्खी दोरी म्हणजे शंभरात एखादी. तरी भरलेले डबे बघितले तर त्यात तीच सापडते, एचआयव्हीत मोजून बघितलंय, दहातल्या नऊपेक्षा जास्त कणांत (म्हणजे डब्यांत) जीनोम, म्हणजे ती अख्खी दोरी, बरोबर भरलेला असतो. हाती लागेल ते भरणाऱ्याचा असा हिशोब लागत नाही हो.

मग कळतं कसं? तर मार्का. लोणंदच्या मार्केटला कांदा नेणाऱ्या कोणालाही विचारा. गोणीवर मार्का असतो, हमाल काय प्रत्येक गोणी उसवून आत गरवा आहे का हळवा बघत नाही, मार्का बघतो आणि त्या-त्या गाडीत चढवतो. व्हायरसच्या दोरीवर असाच मार्का असतो, शास्त्रज्ञ त्याला साय म्हणतात, ग्रीक अक्षर आहे, त्रिशूळासारखं दिसतं.

बीएलव्हीचा मार्का कुठे आहे ते शोधलं लुई मॅन्स्की यांनी, आणि त्या १९९५ च्या पेपरवर दुसरं एक नाव आहे ते हॉवर्ड टेमिन यांचं. ज्यांनी १९७० साली आरएनएवरून उलटा डीएनए बनतो हे दाखवून दिलं आणि १९७५ साली नोबेल घेतलं ते हेच टेमिन, विस्कॉन्सिनचे. ते १९९४ मध्ये वारले, म्हणजे पेपर छापून यायच्या आधीच. नोबेलनंतरही माणूस गाईच्या व्हायरसची गोणी कशी भरते ते बघत बसला होता, मला हे फार आवडलं.

शोधायची पद्धत अगदी आपल्या गावठी डोक्याला पटेल अशी. दोरीचा एक-एक तुकडा कापायचा आणि बघायचं की आता गाडीत चढते का. मागच्या बाजूचे मोठमोठे जीन कापले, काही फरक नाही, दोरी मजेत भरली जाते. गॅग जीनच्या सुरुवातीचा तुकडा कापला तर व्हायरसचं पुढे जाणं सात पटीने कमी झालं. त्याच्याही आधीचा भाग कापला, जिथे प्रोटीनची रेसिपी अजून सुरूच व्हायचीये, तर पन्नास पटीने कमी. आणि त्यांनी एक शहाणपणा केला तो महत्त्वाचा, पेशीच्या आत दोरी किती बनतीये ते पण मोजलं. ती तेवढीच होती. म्हणजे शेतात माल कमी नव्हता, गाडीत चढत नव्हता. इथे मला एकदम पटलं, कारण दूध संकलन केंद्रावर लिटर कमी भरलं की आपण आधी हेच बघतो ना, गाय कमी देतीये का मधेच कुठे सांडतंय.

शेवटी निघालं असं की बीएलव्हीचा मार्का एका जागी नाहीचे, दोन तुकड्यांत आहे. पहिला तुकडा १४७ अक्षरांचा, ५५१ पासून ६९८ पर्यंत, हा असलाच पाहिजे, ह्याच्याशिवाय काही नाही. दुसरा १३२ अक्षरांचा, पार पुढे १०१५ ते ११४७, हा एकटा काही कामाचा नाही पण पहिल्याच्या जोडीला असला की भरणी जोरात. आता गंमत बघा, गॅगची रेसिपी सुरू होते ६२८ व्या अक्षराला. म्हणजे पहिला तुकडा रेसिपीच्या दारातून आत घुसलाय आणि दुसरा तर पूर्णच रेसिपीच्या पोटात. तीच अक्षरं एकदा वाचली की प्रोटीन होतात आणि न वाचता नुसती चाचपली की मार्का. आमच्या आजेसासूबाई गोधडी शिवायच्या त्यात जुन्या लुगड्याचा काठ असा बसवायच्या की थंडीला पण उपयोग आणि गोधडी कोणाची ते पण लांबून कळायचं, तसं काहीसं.

आणि कापून जोडलेल्या दोऱ्या डब्यात का जात नाहीत ह्याचं उत्तर पण इथेच मिळतं. पेशी जिथे कैची चालवते ती जागा ह्या मार्क्याच्या आधी आहे, त्यामुळे दोरी कापली की मार्का कापलेल्या भागात जातो, आणि राहिलेल्या दोरीला कोणी गाडीत घेत नाही. कोणी ठरवून केलंय असं वाटावं इतकं चोख, पण ठरवलेलं कोणीच नाही, ज्या व्हायरसांना हे जमलं नाही ते आज आपल्याला भेटायला उरले नाहीत एवढंच.

पण मार्का म्हणजे नुसती अक्षरं नव्हेत. इथे मी वर्गात घरून दावं घेऊन गेले होते, पोरं अजून चिडवतात. सासरे दावं वळतात ते बघितलं असेल तुम्ही, पीळ जास्त झाला की दोर मधेच स्वतःवर दुमडतो आणि तिथे एक आकडा उभा राहतो, खाली पिळाची दांडी आणि वर डोळा. आरएनएची दोरी पण एकेरी असते आणि तिची अक्षरं आपल्याच दुसऱ्या अक्षरांना चिकटतात, तसे तिच्यावर असे आकडे उभे राहतात. १९९८ साली मॅन्स्की यांच्याच लॅबने दाखवलं की मार्क्याच्या पहिल्या तुकड्यात असे दोन आकडे आहेत, गॅगच्या सुरुवातीला लागूनच, आणि दुसऱ्या तुकड्यात एक. पहिल्या दोघांतला एक मोडला तर व्हायरस सात पटीने मागे, दोन्ही मोडले तर चाळीस पटीने, म्हणजे जवळजवळ अख्खा तुकडा कापून टाकल्यासारखंच. तिसरा मोडला तर चार ते सहा पट. वर्गात एका पोराला मी डोळे बांधून दाव्यावरचा आकडा शोधायला लावला, त्याने दोन सेकंदात बोटाने शोधला, म्हटलं बघ, डोळे लागत नाहीत. ती प्रश्न विचारणारी पोरगी आता कॉलेजला पुण्याला गेली, तिला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला, तिने अंगठा पाठवला.

आता चाचपणारा हात कुठला. तोच तो गॅग. एका कणाला गॅगच्या हजारो प्रती लागतात, त्या पेशीच्या आवरणाला आतून चिकटतात, गोळा होतात आणि फुगा बाहेर येतो, साधारण एका मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. गॅगच्या एका टोकाला न्यूक्लिओकॅप्सिड नावाचा भाग असतो, त्यात झिंकचा अणू धरून बसलेली दोन बोटं आहेत, पुस्तकात पण त्यांना झिंक फिंगरच म्हणतात, मी काही मनाने नाही म्हणत. बहुतेक रेट्रोव्हायरसमध्ये दोरी धरायचं मुख्य काम हा भाग करतो. बीएलव्हीत मात्र दुसऱ्या टोकाचा मॅट्रिक्स, ज्याचं नेहमीचं काम आवरणाला चिकटायचं, तो पण ह्यात हात घालतो. जपानमध्ये १९९१ सालीच दिसलं होतं की हा मॅट्रिक्स बीएलव्हीच्या दोरीच्या पुढच्या टोकाच्या जोडीला नेमका जाऊन धरतो, आणि २००३ साली मॅन्स्की यांच्या लॅबने गॅगमधले तुकडे बदलून दाखवलं की भरणीला दोन्ही टोकं लागतात. म्हणजे गेटवरचा वॉचमनच हमाली पण करतोय.

वर ‘जोडीला’ लिहिलंय ते चुकून नाही. रेट्रोव्हायरस डब्यात एक दोरी भरत नाही, दोन भरतो, पुढच्या टोकाशी एकमेकींत अडकलेल्या. बाकीचे बहुतेक व्हायरस एकाच प्रतीवर भागवतात, ह्याला दोन लागतात. एक दोरी मधे तुटकी निघाली तर डीएनए बनवताना कॉपी करणारं यंत्र दुसरीवर उडी मारतं आणि काम पूर्ण करतं, आणि दोन दोऱ्या जरा वेगळ्या असल्या तर त्या उडीतून नवीनच मिश्रण तयार होतं.

आता तुमच्या लेखकाची बाजू पण सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. ‘हाती लागेल ते’ हे साफ खोटं नाही. पेशीत व्हायरसची मार्केवाली दोरी नसलीच तरी गॅग गप्प बसत नाही, गाईच्या पेशीचे आरएनए भरून डबे बनवतच राहतो, दिसायला अगदी खरा व्हायरस, आत भुस्सा. आणि खऱ्या कणात पण पेशीचे बारके आरएनए बरेच येतात. त्यातला एक तर व्हायरसला लागतोच, टीआरएनए, बीएलव्हीला प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल वाहणारा चालतो, दोरीला चिकटवून नेतात कारण पुढच्या पेशीत डीएनए बनवायला सुरुवात तिथूनच होते. दुसऱ्याच्या घरून निघताना काडेपेटी उचलावी तसं. पण वाक्य लिहिताना हे लिहायला पाहिजे होतं की मार्का असेल तर मार्का, नसेल तर मिळेल ते. दोन शब्द वाढले असते.

कोणी म्हणेल एवढं कशाला, गाईला इंजेक्शन कुठलं ते सांगा. गाईला इंजेक्शन नाहीये, बीएलव्हीला औषध पण नाही. पण ह्या मार्क्याच्या माहितीचं काय झालं ते सांगते. १९८३ साली अमेरिकेत मान, मलिगन आणि बाल्टिमोर यांनी उंदराच्या रेट्रोव्हायरसचा मार्का कापून टाकला आणि तो बिनमार्क्याचा व्हायरस पेशीत बसवला, तर अशी पेशी तयार झाली की जी डबे बनवत राहते पण डबेवाल्याचा स्वतःचा माल त्यात चढत नाही. मग मार्का तुम्ही तुमच्या पाहिजे त्या जीनला चिकटवा आणि पेशीत सोडा, तो बरोबर डब्यात जाऊन बसतो. व्हायरसची नुसती गाडी वापरायची, माल आपला. ह्याच कल्पनेवर चालणारी थेरपी आज आपल्या मुंबईत बनते, आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलने मिळून केलेली नेक्सकार१९, रक्ताच्या काही कॅन्सरसाठी, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला परवानगी मिळाली. त्यात पेशंटच्याच टी-पेशींत (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) नवीन जीन घालायला लेंटिव्हायरसची गाडी वापरतात, म्हणजे एचआयव्हीच्या खानदानातली, गाईवाली नाही. त्या बातमीला तुम्ही पहिलं पान दिलं होतं, मला आठवतंय, पण गाडीत माल कसा चढतो ते तेव्हा पण राहिलं.

गोठ्याचं पण एक सांगायचंय. हा व्हायरस गाईच्या अंगात बहुतेक वेळ गप्प असतो, ही सगळी पॅकिंग जोरात चालते ती रक्त काढून पेशी लॅबमध्ये काही तास ठेवल्या की. अंगात तो मुख्यतः ज्या लिम्फोसाइटमध्ये शिवला गेलाय ती पेशीच वाढत जाते आणि तिच्याबरोबर तो. त्यामुळे एका गाईचं रक्त दुसरीत गेलं की काम झालं, थेंबभर पण नको. सुई, कानात बिल्ला मारायचं पक्कड, शिंगं कापायचं हत्यार, गाभण तपासणीचा हातमोजा, चावणाऱ्या माशा, हे त्याचे रस्ते, चीक आणि दूध पण. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर लाळ्या-खुरकुतची लस द्यायला एक जण आला होता, शेजारच्या गोठ्यातून थेट आमच्याकडे, सात गाई दोन कालवडी, हातात सुई एकच. मी म्हटलं सुई बदला. तो म्हणाला, मॅडम, लस एकच आहे ना, मग सुई बदलून काय फरक पडणार. चांगला माणूस होता, उन्हातून आला होता, मी त्याला पाणी दिलं आणि घरातल्या सुयांचं पाकीट पुढे केलं, त्याने बदलल्या पण वर म्हणाला शिकलेल्या लोकांच्या गोठ्यात वेळ फार जातो. डेन्मार्कवाल्यांनी व्हायरस सापडायच्याही आधीपासून नुसते लिम्फोसाइट मोजून आजारी गाई बाजूला काढायला सुरुवात केली होती. आणि अमेरिकेत, जिथे हा सापडला, तिथे २००७ च्या पाहणीत ८० टक्क्यांहून जास्त डेअरी फार्मवर तो होताच. त्या लसवाल्या माणसाने विचारलेला सुईचा प्रश्न तुमच्या पुरवणीत चौकट करून छापा आणि उत्तर द्या, लोक वाचतील.

आणि शेवटचं, लेखाबरोबर व्हायरसचं रंगीत चित्र होतं, निळा गोळा आणि आत लाल दोरी. चित्रकाराला सांगा, परत कधी छापलंत तर दोन काढ.

आपली,
एक वाचक, बायोलॉजीच्या मॅडम
फलटण तालुका